चाळीस माणसं आणि एक चिमटा

नाशकात गिरणाऱ्याच्या किंवा मखमलाबादच्या अंगाला दहा-वीस गुंठे घेऊन कुणी फार्महाऊस बांधलं, की पहिल्या वर्षी झोपाळा येतो, दुसऱ्या वर्षी हिरवळ येते आणि तिसऱ्या वर्षी घरातल्या कर्त्या पुरुषाला बार्बेक्यूची शेगडी लहान वाटायला लागते. शेगडी तीच असते, भाजणाराही तोच असतो. पण आता त्याच्या मनात एक लांबलचक काळं धूड येऊन बसलेलं असतं: एका टोकाला जळणाची पेटी, दुसऱ्या टोकाला चिमणी, झाकणावर तापमापक आणि खाली चाकं. 'एवढं मोठं कशाला?' असं घरातून विचारलं, की उत्तर तयारच असतं, 'अगं, माणसं येतात.' हे उत्तर इतक्या गृहस्थांनी इतक्या ठामपणे दिलेलं आहे की ते तपासून बघावं असं कुणाला वाटत नाही. माणसं येतात म्हणून मोठं पातेलं घ्यावं, मोठी सतरंजी घ्यावी, जमल्यास शेजारचा प्लॉटही घ्यावा. मोठी शेगडी घेण्याची चांगली कारणं जगात आहेत आणि ती पुढे येतीलच. 'माणसं येतात' हे मात्र त्यांतलं नाही. उलट जितकी जास्त माणसं, तितकी जाळी निरुपयोगी, असं माझं म्हणणं आहे.

हिशोब साधा आहे. माणशी पाव किलो धरलं तर चाळीस माणसांना दहा किलो मटण लागतं. 45 सेंटिमीटर तोंडाचं आणि 30 सेंटिमीटर उंचीचं पातेलं घेतलं तर त्यात 47 लिटर मावतात, म्हणजे मटण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, रस्सा आणि वर तर्री यायला मोकळी जागा, सगळं आलं. आता 47 सेंटिमीटरची, म्हणजे दुकानात अठरा इंची म्हणून दाखवतात ती गोल शेगडी त्याच्या शेजारी ठेवा. तोंड जवळपास तेवढंच, पण हिच्यावर एका वेळी फार तर सात-आठ जणांचं भाजून होतं, आणि तेही पोळी-भाताचा आधार असेल तर. कारण पातेलं घनफळावर चालतं आणि जाळी क्षेत्रफळावर. पातेल्याची सगळी मापं दुप्पट केली तर आठपट माणसं जेवतात. जाळीचा व्यास दुप्पट केला तर चौपट. शिवाय पातेल्यात पाणी ओतता येतं. ऐनवेळी सिडकोतून मेव्हण्याचे चार मित्र आले तर रश्श्यात तांब्याभर आधण पडतं, मीठ-तिखट चाखून बघितलं जातं आणि कुणाला काही कळत नाही. टिक्क्यात आधण ओतता येत नाही. म्हणूनच हळदीचं जेवण, जत्रेचा बोकड, भंडारा, जिथे जिथे महाराष्ट्राने शेकडोंना जेवू घातलं, तिथे तिथे भांडं चुलीवर चढलेलं दिसतं. सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्रामात अन्नछत्रं चालतात ती कढया आणि हंड्यांवर. दर बारा वर्षांनी लाखोंच्या जेवणाचा सराव होणाऱ्या या गावाने भाजून गर्दीचं पोट भरायचा विचार कधी केला नाही, याला नुसती धार्मिक कारणं आहेत असं समजायचं कारण नाही.

मग जाळीच प्रचंड करू, असं कुणी म्हणेल. करून बघू. 200 लिटरचा लोखंडी ड्रम आडवा धरून उभा चिरला की साधारण 57 बाय 88 सेंटिमीटरची जाळी बसते, म्हणजे पाच हजार चौरस सेंटिमीटर. एका टिक्क्याला भोवतालच्या फटीसकट सहा बाय सहा सेंटिमीटर जागा दिली तर एका वेळी जवळपास 140 तुकडे बसतात. आकडा ऐकून कर्ता पुरुष खूश होतो. पण हे 140 तुकडे उलटायचे कुणी? चिमट्यात धरणे, चिकटलेला सोडवणे, पालथा घालणे, याला तुकड्यामागे चार सेकंद धरले (आणि हे मी भाजणाऱ्याच्या दुसऱ्या हातात ग्लास नाही असं गृहीत धरून सांगतोय) तर एका फेरीला नऊ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. चांगल्या निखाऱ्यावर चिकनचा टिक्का होतो बारा-पंधरा मिनिटांत आणि त्याला दर दोन-तीन मिनिटांनी उलटावं लागतं. म्हणजे शेवटच्या तुकड्याची पहिली पाळी येईपर्यंत पहिल्या तुकड्याच्या तीन पाळ्या चुकलेल्या असतात. एका टोकाला कोळसा तयार, दुसऱ्या टोकाला कच्चं, आणि मधल्या पट्ट्यात जे चांगलं झालेलं असतं ते मुलं उभ्याउभ्या उचलतात. किती मोठी जाळी चालेल हे चिमटा धरणारा हात ठरवतो, विस्तव नव्हे. दुसरा चिमटा घेऊन दुसरा माणूस उभा करावा म्हटलं, तर विस्तवाशेजारी दोन पुरुष उभे राहिले की त्यांची 'झालं का' आणि 'अजून नाही' यावरून जी चर्चा सुरू होते, तिच्यात उरलेले तुकडेही करपतात.

ज्यांचं पोट या धंद्यावर आहे त्यांनी हे गणित कधीच सोडवून ठेवलंय. जुन्या नाशकात भद्रकालीकडे कबाबच्या गाड्या बघाव्यात. शेगडी लांब असते, पण रुंदीला वीतभर किंवा त्याहून थोडी जास्त, म्हणजे सळई दोन्ही काठांवर टेकेल एवढीच. धंदा वाढला की ती लांबीला वाढते, रुंदीला कधी वाढत नाही, कारण भाजणाऱ्याला विस्तवावर वाकायला न लागता हात पोचला पाहिजे. आणि सळईला सहा तुकडे ओवले की मनगटाच्या एका झटक्यात सहाही उलटतात. मघाचे चार सेकंद सहांत वाटले जातात. याहून बोलकं उदाहरण पावसाळ्यात सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणाच्या वाटेवर भेटतं. कणीसवाल्याची शेगडी ताटाएवढी, तिच्यावर एका वेळी तीन-चार कणसं, हाताने फिरवायचा पंखा आणि वरून छत्री. संध्याकाळभर तो आल्यागेल्याला भाजलेलं कणीस देतो आणि प्रत्येकाला गरम देतो. त्याच्यापुढे माणसं उभी राहतात, वाट बघतात, भांडत नाहीत. भाजलेल्या पदार्थाची खरी रीत ही आहे: थोडं भाजावं, लगेच खावं, पुन्हा थोडं भाजावं. चाळीस ताटं एकदम वाढण्याचा हट्ट धरला की पहिली ताटं गार होतात आणि शेवटची येतच नाहीत.

इथे कुणीतरी हुरड्याचं नाव काढणारच, आणि तो आक्षेप हलका नाही. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी दुधात आली की शेतावर पन्नास-साठ माणसं हुरड्याला बसतात. खान्देशात थंडीतल्या भरीत पार्ट्यांना जळगावकडची ती मोठी हिरवी वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काट्यांवर ढिगाने भाजली जातात. रायगडात पोपटी लागते: मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, तळाला आणि तोंडाला भांबुर्डीचा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. मग भाजून गर्दी जेवत नाही असं कसं म्हणता? जेवते, पण कशामुळे ते बघा. हुरड्याचा दाणा कणसाच्या बोंडात झाकलेला, वांग्याला त्याची साल, पोपटीला अख्खं मडकं. बाहेरचं करपलं तरी आतलं शाबूत राहतं, उलट बाहेरचं करपावं हीच अपेक्षा असते. टिक्का बिचारा उघडाच निखाऱ्यावर पडलेला असतो. दुसरं म्हणजे हुरडा चोळायला दहा हात लागतात आणि ते दहाही हात पाहुण्यांचे असतात. यजमान एकटा घामाघूम होऊन सगळ्यांची सेवा करतोय हा देखावा तिथे नसतो. आणि तिसरं, जे खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचं: या सगळ्यात विकत घ्यायचं यंत्रच नाही. आगटी म्हणजे जमिनीत केलेला खड्डा आणि त्यात गोवऱ्या. माणसं वाढली की खड्डा वाढवायचा, पार्टी संपली की माती लोटायची. उरलेले अकरा महिने त्या आगटीला गंज चढत नाही, ती गाडीच्या वाटेत येत नाही आणि तिच्यावर कुणी ओले टॉवेल वाळत घालत नाही. चाळीस माणसांना भाजूनच घालायचं असेल तर मोठ्या शेगडीला पर्याय म्हणून फावडं सुचवावंसं वाटतं.

आता हे धूड वर्षातून पेटणार किती वेळा, तेही मोजू. रविवार 52. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे पंधरा-सोळा पावसात गेले. उरलेल्यांत एकादशी आणि संकष्टी कुठल्या ना कुठल्या रविवारी गाठतेच, नवरात्राचा रविवार वेगळा. मार्च ते जूनच्या दुपारी विस्तवाशेजारी उभं राहायला कुणी तयार नसतं आणि त्या महिन्यांतल्या संध्याकाळी लग्नांनी व्यापलेल्या असतात. जे काही उरतात, त्यांतल्या निम्म्यांना आपणच दुसऱ्यांच्या फार्महाऊसवर असतो. आणि मांसाहारी नाशिककरांचा सगळ्यात जोरदार हंगाम कुठला? आखाड. श्रावण लागायच्या आधी सगळं उरकून घ्यायचं म्हणून आषाढात पार्ट्यांवर पार्ट्या होतात, आणि नेमका तेव्हा पाऊस असतो. गटारीच्या दिवशी, म्हणजे भाजण्याच्या इच्छेचा ज्या दिवशी वर्षातला उच्चांक असतो त्या दिवशी, शेगडी ताडपत्रीखाली असते आणि आत स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत असतात. राहता राहिले भरवशाचे दोन दिवस, धुळवड आणि 31 डिसेंबर. धुळवडीला रंगाची घाई नसते, कारण नाशिक रहाडीत उड्या मारतं ते रंगपंचमीला, तेव्हा धुळवडीची सकाळ मटणाच्या रांगेला मोकळी सापडते. पण 31 डिसेंबरचाही भरवसा धरू नये. 2026 चा 31 डिसेंबर गुरुवारी येतो, आणि तो गुरुवार मार्गशीर्षातला आहे. ज्या घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला असतो, त्या घराच्या मागच्या अंगणात त्या रात्री पनीरच भाजलं जाईल, आणि तेही आधी परवानगी काढून.

स्मोकरवाल्यांचं यावर वेगळं म्हणणं असतं, आणि ते आदराने ऐकावं असं आहे. ते म्हणतात, टिक्का हे आमचं क्षेत्रच नव्हे. आम्ही शंभर ते सव्वाशे अंशांवर, लाकडाच्या धुरात, दहा-बारा तास मांस शिजवतो. त्यांच्या यंत्राला आकार खरोखरच लागतो, कारण विस्तव एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवायचं असतं. पण हे यंत्र ज्या तुकड्यासाठी घडलं तो म्हणजे टेक्सासमधला गाईबैलांच्या छातीचा, पाच-सहा किलोंचा, चिवट तंतूंचा तुकडा. महाराष्ट्रात 1976 च्या प्राणी रक्षण कायद्यात झालेली दुरुस्ती 2015 मध्ये लागू झाल्यापासून गाईबरोबर बैल आणि वळूही वर्ज्य आहेत. राहिला आपला बोकड. त्याची अख्खी रान दीड-दोन किलोंची. ती मंद आचेवर तीन-चार तासांत मऊ होते आणि झाकणाच्या मध्यम शेगडीत आरामात मावते. सीना इतका पातळ की दहा तास धुरात ठेवला तर तो खाण्याऐवजी चपलेला लावावा लागेल. या मंद शिजवण्यात एक गंमत आहे, ती मात्र नाशिककराला लगेच कळेल. मांसाचं आतलं तापमान सत्तर अंशांच्या आसपास आलं की कित्येक तास काटा हलतच नाही. नवशिक्याला वाटतं तापमापक बिघडला. खरं तर मांसातून पाणी सुटून त्याची वाफ होत असते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते, जसा एप्रिलमध्ये माठ पाझरतो आणि आतलं पाणी गार ठेवतो. त्या काळात करण्यासारखं काहीच नसतं, फक्त जळण घालत बसायचं. ज्यांना बसायला निमित्त हवं असतं, त्यांना या यंत्राचं एवढं प्रेम का, याचा उलगडा इथे होतो.

शिवाय खऱ्या स्मोकरचा पत्रा सहा मिलिमीटर जाड असतो. पातळ पत्र्यात उष्णता टिकत नाही, वारा आला की तापमान कोसळतं, आणि निफाडची थंडी अंगणात उतरली की विस्तव मांसाऐवजी आसमंत तापवत बसतो. पण सहा मिलिमीटरच्या लोखंडाचं वजन चौरस मीटरला 47 किलो भरतं. अर्धा मीटर व्यासाची, सव्वा मीटर लांबीची टाकी, तिला जळणाची पेटी, पाय, चिमणी आणि जाळ्या, सगळं धरून दोनशे किलोंच्या वर जातं. फार्महाऊसच्या जमिनीला याचं काही वाटत नाही. पण इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत ते चढवायचं म्हणणारेही आहेत. भारतीय मानकाप्रमाणे वापरातल्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दीडशे किलोंचा जादा भार धरून आखतात. त्यावर हे धूड, आणि त्याच्याभोवती 'झालं का' विचारणारे सहा नातेवाईक. एवढ्या भाराने स्लॅब कोसळेल असं मी म्हणत नाही. पण चायना मोझॅकखालच्या वॉटरप्रूफिंगला तडा गेला, की पुढच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे काका छताकडे बोट दाखवत जे बोलतील, ते सोसायटीच्या बैठकीत इतिवृत्तात लिहिण्याजोगं नसेल.

जळणाचा मुद्दा मात्र नाशिकच्या बाजूचा आहे असं वाटतं, आणि तिथेच तो उलटतो. फ्रान्समध्ये बोर्दोकडे द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्यांवर मांस भाजण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडे बांधांवर काड्यांचे ढीग पडतात. जगात लोक ज्या जळणासाठी पैसे मोजतात ते इथे बांधावर फुकट पडलेलं! पण पहिली अडचण अशी की काडी बोटाएवढी. ती भडकन पेटते, झणझणीत आच देते आणि लगेच निवते. दहा तासांच्या कामाला ती निरुपयोगी, लहान शेगडीवरच्या दहा मिनिटांच्या कामाला उत्तम. दुसरी अडचण म्हणजे बोर्दोने जगाला दुसरीही एक गोष्ट दिली आहे. 1885 च्या सुमारास तिथेच मोरचूद आणि चुन्याचं ते निळं मिश्रण निघालं, जे आज नाशिकचा प्रत्येक बागायतदार डावण्या रोगावर 'बोर्डो' म्हणून मारतो. त्याच्याबरोबर हंगामभर आणखी काय काय मारलं जातं ते बागायतदाराला विचारावं. तेव्हा कुठल्या बागेची काडी, शेवटची फवारणी कधीची, हे ठाऊक असल्याशिवाय ती जेवणाखाली पेटवू नये. त्यापेक्षा बाभळीचा लाकडी कोळसा घ्यावा, आणि वासासाठी पेरूच्या किंवा आंब्याच्या वाळक्या लाकडाचा एखादा तुकडा. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा पांढरा दाट धूर फोटोत छान दिसतो आणि जिभेवर डांबर ठेवून जातो. मोठ्या टाकीत हा धोका जास्त, कारण माल थोडा असला की माणूस विस्तवही थोडा ठेवतो, हवेची झडप मिटवतो, आणि घुसमटलेला जाळ धुमसत राहतो.

आता मोठ्या शेगडीचं ते चांगलं कारण. नाशकात शेगडीचा आकार भुकेवरून ठरवायचा नसतो, तो वारांवरून ठरवायचा असतो. दहा पाहुण्यांत एक सोमवारवाला, एक गुरुवारवाला, एक शनिवारवाला, एक 'घरात नाही, बाहेर चालतं' वाला, एक 'अंडं चालतं पण त्या जाळीवरचं नको' वाला, आणि एक आत्या, ज्या काहीच बोलत नाहीत पण चिमटा कुठून कुठे जातो आहे हे डोळ्यांत तेल घालून बघत असतात. कुणीतरी हुशार भाचा सांगतो, अग्नीने सगळं शुद्ध होतं. शास्त्रार्थाने त्याचं बरोबर असेलही, पण निर्णय अग्नी देत नसून आत्या देतात. यावर कर्ता पुरुष म्हणतो, म्हणूनच मोठी हवी, मधोमध पट्टी घालू, डावीकडे पनीर, उजवीकडे चिकन. पण झाकण लावलं की आतला धूर पट्टी ओळखत नाही. कोंबडीची चरबी निखाऱ्यावर पडून उठलेला धूर सगळ्या पनीरवरून फिरून येतो, आणि आत्यांचं नाक त्यांच्या डोळ्यांइतकंच तरबेज असतं. तेव्हा एका मोठ्या शेगडीपेक्षा दोन मध्यम घ्याव्यात, दोन चिमटे, दोन ब्रश, आणि शाकाहारी शेगडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला. दोन घेतल्या तर खर्च वाढतो हा आक्षेप टिकत नाही, कारण दुसरी शेगडी विकत घ्यावीच लागते असं नाही; विटांवर ठेवलेलं लोखंडी घमेलं आणि त्यावर एक जाळी, वांगी, कणसं आणि पनीर एवढ्यावर निघतं.

पहिलीला मात्र एक पायरी मोठं जावं, हे मी कबूल करतो. 47 सेंटिमीटरऐवजी 57, आणि त्याला घट्ट झाकण. कारण शहाणपणाने भाजायचं तर अर्ध्या भागातच निखारे ठेवावेत आणि अर्धा मोकळा. भडकलं की तुकडा तिकडे सरकवता येतो, झाकण लावून रान शिजवता येते. हा मोकळा अर्धा भाग लहान शेगडीत मिळत नाही. झाकणाचं महत्त्व ज्याने जगाला पटवलं तो जॉर्ज स्टीफन हा शिकागोजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा गृहस्थ. उघड्या शेगडीवर वारा आणि धूर यांनी तो वैतागला होता. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी गोळे बनायचे. 1952 मध्ये त्याने त्यातला एक मधोमध कापला, खालच्या अर्ध्याची शेगडी केली आणि वरच्या अर्ध्याचं झाकण. आज जगभर ओळखीची असलेली गोल शेगडी ती हीच. हा माणूस बारा मुलांचा बाप होता. त्याला सुचलं ते झाकण. लांबी वाढवावी असं सुचलं नाही. आपल्याकडे 'हम दो हमारे दो' वालं घर 200 लिटरपासून सुरुवात करतं.

आणि ज्यांना ड्रमचीच हौस आहे त्यांनी अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडे जाताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुना ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारावं. तेलाचा असेल तर आत मोठा जाळ करून आतला रंग आणि लेप पूर्ण जाळून काढता येतो, रसायनाचा असेल तर तो तिथेच ठेवावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी घेऊ नये, तापल्यावर त्याची वाफ बाधते. ड्रमचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभराचा, दोन-तीन पावसाळ्यांत तळाला भोकं पडतात, म्हणून राख ओली होऊ देऊ नये. खाली हवा आत यायला झडप, वर धूर जायला झडप, आणि दोन्ही हाताने न भाजता हलवता येतील अशा. मिस्त्रीला हे सगळं सांगितलं की तो मान डोलावतो आणि स्वतःच्या मनाने एक पुलाव शिजवायचा बर्नर जोडून देतो.

एक आक्षेप उरतो आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही: मोठी शेगडी दिसते छान. हिरवळीच्या कडेला तिचं काळं धूड उभं असलं की फार्महाऊसला वजन येतं, पाहुणे आल्या आल्या तिच्याकडे जातात, झाकण उघडून आत डोकावतात, 'केवढ्याला पडली?' विचारतात, आणि कर्ता पुरुष किंमत थोडी कमी सांगतो, कारण बायको शेजारीच उभी असते. हे सुख खोटं नाही. नाशकात दारात उभ्या असलेल्या बऱ्याच चारचाकी गाड्याही याच तत्त्वावर घेतल्या जातात आणि त्यांच्यात तर भाजताही येत नाही. ज्याला या कारणासाठी घ्यायची आहे त्याने ती घ्यावी, पण मग मापं घेताना दिखाऊपणाचंही शिस्तीत बघावं: चाकं चांगली मोठी आणि रबरी असावीत, म्हणजे हिरवळीतून ढकलता येईल, झाकणाला दोन्ही बाजूंनी हात असावेत, आणि एका अंगाला पुरेशी रुंद लोखंडी फळी जोडून घ्यावी, मटणाच्या रश्श्याचं पातेलं ठेवायला.